हस्तक्षेप टाळावा

थोरलीनं पहिला फटका हाणला तो ओल्या चादरीचा. चादर दोरासारखी पिळली की तिचा सोटा होतो, हे कपडे धुण्याच्या कारखान्यात कुणाला शिकवावं लागत नाही. तो सोटा मायनाच्या कानशिलावर बसला, चष्मा उडून कपाटाखाली गेला आणि मायना खुर्चीसकट आडवा झाला.

"ऊठ!" ती किंचाळली. तिचा झगा छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. ते रक्त तिचं नव्हतं.

मायना हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात तो बावीस वर्षं कारकून होता. नळाला पाणी नाही एवढंच सांगायचं असलं, तरी त्याची सुरुवात "वरील विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" इथूनच व्हायची. म्हणून कामगारांनी त्याला ते नाव ठेवलं होतं, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. माझ्या परिपत्रकात कुणी काना-मात्रेची चूक काढून दाखवा, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

दोन दिवसांपूर्वी मुकादमानं त्याला पुठ्ठ्यावर खरडून दिलं होतं : तीन नंबरची पिळणी झाकण उघडलं तरी थांबत नाही, कुणी हात घालू नका. पिळणी म्हणजे धुतलेले कपडे गरागरा फिरवून त्यांतलं पाणी काढणारं मोठं पिंप. मायनानं मॅनेजरला विचारलं.

"पिळणी बंद ठेवता येणार नाही," मॅनेजर म्हणाला. "आणि लोक बिचकतील असं काही लिहू नका. जरा मऊ घ्या."

मऊ घेणं हा तर मायनाच्या डाव्या हातचा खेळ. त्यानं बारा ओळी लिहिल्या. विषय : यंत्रसामग्रीच्या सुयोग्य वापराबाबत. पिळणी आली ती सातव्या ओळीत. सही-शिक्क्यानिशी कागद फळ्यावर लागला.

आज सकाळी थोरलीच्या धाकट्या बहिणीनं तीन नंबरचं झाकण उघडलं. एका अभ्र्याचं टोक वर आलं होतं, ते तिनं ओढलं. ओल्या कापडानं मनगटाला वेढा घातला आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर हात खांद्यापर्यंत आत गेला. हाड मोडल्याचा आवाज थोरलीला पार पलीकडच्या टोकाला ऐकू आला. मुकादमानं धावत जाऊन बटण बंद केलं, तेव्हा धाकटीचा हात कोपराखाली नुसत्या कातडीवर लोंबत होता.

फळ्यावरचा तो कागद थोरलीनं ओरबाडून आणला होता. तिनं तो मायनाच्या तोंडावर दाबला.

"दोनदा वाचलं मी हे! तिलाही वाचून दाखवलं! हात घालू नका असं कुठं लिहिलंय यात? दाखव!"

मायना गुडघ्यांवर आला. नाकातलं रक्त कागदावर टपटपत होतं. कागद डोळ्यांशी धरून तो ओळीवरून बोट फिरवत राहिला.

"इथे... 'आवर्तनकाळात हस्तक्षेप टाळावा.'"

"म्हणजे काय?"

"हस्त म्हणजे हात... क्षेप म्हणजे..."

थोरलीनं टेबलावरचं कागदांना भोकं पाडायचं लोखंडी पंच उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात गेले. दुसरा घाव त्यानं हातावर झेलला, तेव्हा करंगळी मोडली. तिसऱ्या घावाला मुकादमानं तिला मागून कव घातली. ती त्याच्याही दंडाला कडकडून चावली आणि मग हंबरडा फोडून खालीच बसली.

मुकादमानं तिला खाली रुग्णवाहिकेकडे नेलं आणि मॅनेजर आत आला. त्यानं दार लावून घेतलं.

"लगेच लिहा. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. आणि तुम्हाला मारलं त्या बाईविरुद्ध पोलिसात तक्रार."

मायनाच्या तोंडात रुमाल होता. त्यानं मान हलवली, चष्मा शोधला आणि लिहायला बसला. मॅनेजर फोनवर गुंतला होता. मायनानं लिहिलं :

'तीन नंबरची पिळणी चालवू नका. झाकण उघडलं तरी ती थांबत नाही. आज तिनं एका मुलीचा हात तोडला. मुकादमानं हे परवाच सांगितलं होतं. मॅनेजरांच्या सांगण्यावरून मी ते गोलमाल करून लिहिलं.'

त्यानं कोपऱ्यातल्या झेरॉक्स यंत्रावर तीस प्रती काढल्या आणि तो जिना उतरू लागला. मॅनेजरनं यंत्रावर राहिलेला मूळ कागद वाचला आणि मागून धावत येऊन त्याची कॉलर धरली.

"नमकहराम!" त्यानं मायनाचं डोकं कठड्यावर आपटलं, एकदा, दोनदा. मायनानं जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. त्यानं कोपर मागे मारलं, ते मॅनेजरच्या पोटात बसलं, आणि दोघंही गडगडत खाली आले. कागद ओल्या फरशीवर पसरले.

बायकांनी ते उचलले. एकीनं मोठ्यानं वाचलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. एकेक यंत्र थांबत गेलं. मुकादम घण घेऊन आला आणि तीन नंबरची मोटर फुटून काळं तेल वाहीपर्यंत घाव घालत राहिला. मॅनेजर त्याला अडवायला गेला, तर चार ओली गाठोडी त्याच्या अंगावर आली आणि पाठोपाठ लाथा. पोलीस येईपर्यंत तो बॉयलरच्या खोलीला आतून कडी लावून बसला होता.

मॅनेजरची नोकरी गेली. मायनाचीही गेली. थोरलीवर तक्रार झाली नाही. आपण जिन्यावरून पडलो, असं मायनानं पोलिसांना सांगितलं, आणि निम्मं तरी ते खरंच होतं. धाकटीचा हात कोपरापासून कापावा लागला.

बाराव्या दिवशी तो इस्पितळात गेला. थोरली दारातच उभी राहिली.

"कशाला आलात?"

येताना वाटभर त्यानं बरंच काही जुळवलं होतं.

"चुकलो," तो म्हणाला.

ती दारातून हलली नाही. तिच्या खांद्यावरून त्याला आतली खाट दिसत होती. धाकटी डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लावत होती. ते काजातून निसटायचं, ती पुन्हा धरायची. तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बटणाकडे वळली. मायना आल्या वाटेनं परत गेला.