मास्तरांचं वजन वाढलं नाही, तेव्हाची गोष्ट

मित्रांनो, पलंगाशेजारी भिंतीला टेकवलेला तो जुना वजनकाटा दिसतो ना, तोच मी. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसली, वर काच बसली आणि दुकानातून मी थेट या घरी आलो, मास्तरांसाठी. मास्तर शिंपीकाम करतात. त्यांचे हृदय अशक्त झाले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "रोज सकाळी वजन करा. एकाएकी वाढलं, तर अंगात पाणी साठतंय असं समजा आणि लगेच या."

मग माझी ऐट काय विचारता! चहाच्या आधी मान माझा. मास्तर अनवाणी उभे राहत, त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वाकून आकडा वाचत आणि म्हणत, "कालच्याएवढंच!" मला अगदी धन्य वाटे.

पण मास्तर थकू लागले. शिलाई मशीनवर जरा पाय चालवला की हात कापडावर तसाच ठेवून धापा टाकत. चेहरा पांढराफटक पडे.

"अहो, दाखवून येऊ या ना," काकू विनवत.

"कशाला? काटा बघ की! जन्मभर मापावर जगलोय मी. माप खोटं बोलत नाही. वय झालं, दुसरं काय!"

मला ओरडावेसे वाटे, "मास्तर, मला फक्त वजन कळतं हो!" पण काट्याला तोंड कुठले?

शेवटी मास्तरांनी मशीन विकायला काढले. तेव्हा मात्र काकूंचा धीर सुटला. "मशीनचं नंतर बघू, आधी तुम्ही चला," म्हणत त्यांनी मास्तरांना उठवलेच. मास्तरही हट्टी. त्यांनी साक्षीला मला पिशवीत घालून नेले!

डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. "काटा बरोबर आहे," त्या हसल्या. मग त्यांनी मास्तरांची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचे हसू मावळले. रक्त तपासले. ते फार कमी होते, लोहही घटलेले.

"हृदय अशक्त असलं की पुष्कळांना हा सोबती चिकटतो," बाई म्हणाल्या. "पाणी साठलं नाही, म्हणून वजन वाढलं नाही. धाप लागतेय ती रक्त कमी झाल्यामुळे. लोह शिरेतून देऊ. रक्त का कमी झालं, तेही शोधू."

घरी येताच काकूंनी मला पलंगाखाली ढकलले. धूळ खात पडलो. फार वाईट वाटले.

मास्तरांना लोह दिले गेले आणि हळूहळू मशीनची घरघर लांबत गेली. मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईक आले, तर मास्तरांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवले. मग वाकून त्यांनी मला बाहेर ओढले. "याच्यावर कसला राग? विचारलं तेवढंच सांगितलं बिचाऱ्यानं."

मित्रांनो, माझ्यावर उड्या मारू नका, मला ओलीत ठेवू नका. आणि घरातले आजारी माणूस माझ्यावर उभे राहिले, की आकडा जरूर वाचा; पण मग मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडेही बघा. तेवढे मला जमत नाही.