व्हर्नाचं नेहमीचं

शेवटचं काडतूस उघडलं आणि त्यातून काहीच कळलं नाही. बरं, हे झालंच नाही असं धरून चालू. मोंटानातली रविवारची सकाळ आहे, काडतूस अजून शाबूत आहे आणि व्हर्ना ते मुठीत धरून नवऱ्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे.

नवरा, हार्लन, एप्रिलमध्ये गेला. तीस वर्षं तो काडतुसं घरीच भरायचा. दुकानात वीस काडतुसांचा डबा पंचेचाळीस डॉलरला, घरी भरला तर वीस. डब्यामागे पंचवीस डॉलर वाचतात, हे तो चर्चमध्येसुद्धा सांगायचा. त्या बचतीतून त्याने दाबयंत्र घेतलं, दोन तराजू घेतले, गॅरेज वाढवलं. बचत इतकी झाली की शेवटी पिकअप विकावी लागली.

पण व्हर्ना घोड्यावरून पडली, खांदा मोडला, तेव्हापासून तिच्या रायफलीसाठी तो वेगळी, खांद्याला कमी धक्का देणारी काडतुसं भरायचा. दर नोव्हेंबरला दोघं एल्क हरणं मारायला डोंगरात जायची आणि तिचा खांदा कधी दुखला नाही. त्यातलं हे मुठीतलं एकच उरलंय. यंदा तिने दुकानातला डबा आणून पाहिला. त्यावर 'सौम्य धक्का' असं छापलं होतं. छापणाऱ्याने खांदा कुणाचा ते विचारलं नव्हतं. चार दिवस तिला केस विंचरता आले नाहीत.

"वही आहे ना त्याची?" तिचा दीर ड्यूई म्हणाला.

वहीत सगळं होतं. प्रत्येक रायफल, बंदुकीच्या दारूचं नाव, वजन, तारीख, हवा, दुपारी काय खाल्लं तेही. व्हर्नाच्या पानावर एवढंच: 'व्हर्नाचं नेहमीचं.'

"गाढव."

"गेलेल्या माणसाला असं बोलू नये, ड्यूई."

"होता तेव्हाही हेच म्हणायचो. आता एकदम कसं बदलू?" त्याने हात पुढे केला. "दे ते. आतली दारू मोजतो आणि तेवढीच भरून देतो. जन्मभर पुरतील."

"पण हे जाईल."

"उडवलंस तरी जाईलच."

तिने मूठ उघडायला बराच वेळ घेतला.

ड्यूईने गोळी ओढून काढली, पुंगळी तराजूत रिकामी केली. एक्केचाळीस ग्रेन. दोघंही हसली. मग ड्यूईने फळीकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. तिथे तीन डबे, तीन जातींची दारू. तिन्हींचे दाणे सारखेच करडे, पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्यांसारखे.

"यातली कुठली?" व्हर्नाने विचारलं.

"नवरा तुझा. तू सांग."

"अंदाजाने भर ना."

"चुकीची पडली तर रायफल तोंडावर फुटेल. खांद्याचा प्रश्न मात्र कायमचा..." तो थांबला. "माफ कर."

व्हर्नाने तराजूतल्या दारूचा वास घेतला. हार्लनचा वास त्यात नव्हता.

सोमवारी तिने मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला अर्ज टाइप केला:

'महोदय, आपण ज्यांचा दाखला दिला ते हार्लन टी. ग्रूम यांना तांत्रिक खुलाशासाठी अर्धा तास हजर करण्यात यावे. प्रश्न एकच आहे. जाण्यायेण्याचा खर्च अर्जदार करेल. हंगाम या महिनाअखेर संपतो, तरी कृपया त्यापूर्वी.'