सटवाईचा पेनड्राइव्ह

"ताई, अपडेट करायच्या आधी लिनक्सचे जुने कर्नल काढत जा, दर अपडेटला गाभ्याची नवी प्रत येऊन साचती. चालू व्हायची, बूटची जागा भरली की लॅपटॉप उठायचा न्हाई," असं माझा भाऊ उत्तरेश्वर मागेच म्हणाला होता. मी हो हो म्हटलं आणि माझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या तोंडातली चप्पल काढायला धावले.

परवा अपडेट केलं आणि लॅपटॉप उठला नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच, पुढे कर्सर लुकलुकतोय. संस्कृतीचे जन्मापासूनचे फोटो त्याच लॅपटॉपात. रविवारी तिचं जावळ, आणि पाटोद्याच्या बॅनरवाल्याला संध्याकाळपर्यंत फोटो हवे होते.

उत्तरेश्वर फोनवर म्हणाला, "मी दिलेला लिनक्सचा पेनड्राइव्ह लाव. त्याच्यावरून चालू करू, मग आतलं दुरुस्त करू."

पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात होता. संस्कृतीच्या पाचवीला सटवाई नशीब लिहायला येणार म्हणून आम्ही कोरा कागद नि पेन ठेवलं, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शेजारी तोही मांडला होता. आजकाल कागदावर कोण लिहितंय, म्हणाल्या.

"हात लावू नको. पोरीचं नशीब हाय त्यात."

"आत्याबाई, त्याच्यावर काही लिहायचं नाही. नुसतं चालू करायचंय."

"आन् पुसलं गेलं मंजी? इचार तुज्या भावाला."

मी बीएस्सी कॉम्प्युटर. तरी विचारलं.

त्यानं उलट विचारलं, "किती जीबीचं हाय नशीब?"

"लई मोठं हाय," आत्याबाई फोनकडे वाकून म्हणाल्या.

शेवटी कानकोरण्याला कापूस गुंडाळून पेनड्राइव्हमधलं हळदकुंकू काढलं. उत्तरेश्वर सांगत गेला, मी टाइप करत गेले. आत्याबाई नातीला मांडीवर घेऊन तिच्या कपाळाकडे टक लावून बसल्या. मधेच ती शिंकली, तर दोघी दचकलो. जुने कर्नल गेले, नवा नीट बसला, लॅपटॉप उठला. फोटो सगळे जागेवर.

आज सकाळी देव्हाऱ्यात पाहते तर पेनड्राइव्ह नाही. आत्याबाई तो घेऊन चकलांब्याला गेल्यात, त्यांच्या बहिणीच्या, भिवराबाईंच्या नातवाच्या पाचवीला. जाताना शेजारणीला सांगून गेल्या, "बंद पडलेलं उठवतंय ते. त्या लेकराला बी लाभू द्या."

त्यांचा फोन लागत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या पेनड्राइव्हमध्ये आधीच लिनक्स आहे, त्यात आमच्या पोरीचं एवढं मोठं नशीब. जागा भरल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. चकलांब्याकडे कुणी जाणार असाल तर भिवराबाईंच्या घरी डोकावून या. बाळ वेळेवर उठतंय ना, तेवढं बघा.