शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

मी शेवटच्या पानावरची शेवटची ओळ बोलतेय. 'मुद्रक श्यामसुंदर परब, प्रकाशक भीमराज गायकवाड, गाळा क्रमांक नऊ, मुलुंड.' जाहिरातींच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत मी असते. भेळ बांधणारासुद्धा माझ्याकडे बघत नाही.

सरकार मात्र मला आधी वाचतं. त्यासाठीच तर इंग्रजांनी मला कायद्यात घातलं. काही खुपलं, की कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असावं ना! साहेब गेला, मी राहिले.

भीमराजचं साप्ताहिक चार पानांचं. वसाहतीच्या नळाला गटाराचं पाणी येतं, पोरं आजारी पडताहेत, असं त्यानं छापलं. आठवड्यात नोटीस आली. नव्या नियमानं बातमी खरी की खोटी हे सरकारी कक्षच ठरवणार होता, आणि त्यानं ती खोटी ठरवली होती. पुन्हा छापाल तर नोंदणी रद्द, छापखान्याला सील. दोन्ही नावं माझ्यातूनच उचललेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणी दूषितच असल्याचा तपासणी अहवाल हाती आला, तसा भीमराज छापखान्याच्या गाळ्यात आला. "श्याम, या वेळी तू राहू दे यार. तुझी मशीन जाईल."

श्यामसुंदरची मुलगी तेजल संगणकावर पान लावत होती. "पप्पा, ही ओळ उडवू का? नावच नाही, तर पकडणार कुणाला?"

श्यामसुंदरनं चष्मा पुसला. "नाव नाय तर बातमी खरी कोण म्हणतलो? उडवू नको गो. मोठी कर. पयल्या पानार घे."

आणि मी पहिल्या पानावर गेले, मथळ्याखाली, ठसठशीत! यंत्र धडधडत होतं आणि मी थक्क होऊन त्या माणसाकडे बघत होते. घाबरलेला होता तो. दोनदा पाणी प्यायला. पण छापत राहिला.

सोमवारी गाळ्याला सील लागलं. दोघं कोर्टात गेले. मला वाटलं, माझ्यामुळे यांची वाट लागली.

बुधवारी श्यामसुंदर बंद दाराबाहेर बसला होता. वसाहतीतल्या शेवंतीताई अंकातल्या माझ्यावर बोट ठेवून गाळा शोधत आल्या, मागे पंधरा-वीस बायका. "परब तुम्हीच ना? नळाला काय येतं ते आम्ही लिहून आणलंय. कोर्टात द्या. प्रत्येकीनं नाव-पत्ता घातलाय."

पकडायला सोपं जावं म्हणून लिहिलेल्या पत्त्यावर माणसं पाठीशी उभी राहायलाही येतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. माझा ऊर भरून आला.

सील अजून आहे. तारखा पडताहेत. पेपर घडी घालून ठेवण्याआधी एकदा खाली बघा. तिथं कुणीतरी स्वतःचं नाव आणि दार तुम्हाला सांगून बसलंय.