मळीच्या टाकीचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. फार थकलोय, म्हणून थोडक्यात सांगतो.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मळीची उंच टाकी होती. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक. त्या टाकीच्या तळालगतचा पत्रा मी. दर हंगामाला अंगावर भार चढे, मग उतरे. नवा रंग दिला की पाहुणे म्हणत, "काय भक्कम टाकी!" आतून मात्र सांध्याजवळ मला चीर गेली होती. ती वाढत होती, आणि मला ओरडता येत नव्हते.

एकोणीसशे बहात्तरचा मार्च. टाकी काठोकाठ भरलेली. झाडलोट करणाऱ्या रंगुबाई माझ्यावरचे वाळलेले ओघळ खुरप्याने खरवडत होत्या. मध्येच थबकल्या. इथे ठोकले, तिथे ठोकले आणि फोरमन आप्पासाहेबांना हाक मारली.

"सायेब, हितं आवाज बद्द येतोय. तडकलेल्या माठावानी."

"पत्रा हाय त्यो, रंगुबाई. तुमी काय बाजारात माठ घ्यायला आलाय व्हय?" आप्पासाहेब हसले.

रंगुबाई ओशाळल्या, पण रोज सांगत राहिल्या. दुपारी झाडलोटीच्या साऱ्या बायका माझ्याच सावलीत भाकरी खात. आठव्या दिवशी आप्पासाहेबांनी कंटाळून नागापूरच्या एका वर्कशॉपमधून इंजिनिअर उत्तमरावांना बोलावले.

त्यांनी माझ्या एका कडेला ग्रीस चोपडले आणि वर तारेने यंत्राला जोडलेला काडेपेटीएवढा ठोकळा टेकवला. माणसाच्या कानाला न कळणारा नाद माझ्या अंगातून आडवा धावला. पलीकडच्या कडेवर आपटून त्याने परत यायचे; पण तो वाटेतल्या चिरेवरूनच माघारी फिरला. यंत्राच्या काचेवरची हिरवी रेघ वेळेआधीच उसळली. उत्तमरावांनी तीनदा जागा बदलून पाहिले. मग हळूच म्हणाले, "आप्पासाहेब, आधी त्या बायकांना उठवा."

भाकरी तशीच टाकून बायका लांब पळाल्या. दोन दिवस मळी उपसली. आत पाहिले तर चीर हातभर!

"चुकलं माझं, रंगुबाई," आप्पासाहेब खाली मान घालून म्हणाले.

"जीव वाचलं न्हवं? झालं तर मग," म्हणत त्या कामाला लागल्या.

मला कापून काढले. आता मी गटारावर आडवा पडलोय. उसाच्या गाड्या माझ्यावरून जातात. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, मुक्या वस्तूचे दुखणे तिच्यावर रोज हात फिरवणाऱ्याला आधी कळते. त्याला हसण्याआधी एकदा तपासून बघा. माझ्या सावलीत बायका जेवत असताना मळीचा तो भार मी सात दिवस धरून ठेवला होता. सगळ्या हंगामांनी मिळून मला दमवले नाही, तेवढे त्या सात दिवसांनी दमवले.