दुभाष्याचे वडील

वीर इराकहून परतला तेव्हा अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळानं ढोल वाजवून त्याचं स्वागत केलं. एरवी औषधाच्या दुकानात काम करणारा हा मुलगा नॅशनल गार्ड या राखीव सैन्यातून आपणहून तिकडे गेला होता. आल्यापासून मात्र दर शनिवारी तो "ड्रिल आहे, आई" म्हणून बाहेर पडे. गार्डचा हा सराव महिन्यातून एकदाच असतो, हे त्याच्या आईला, वीणाला पक्कं ठाऊक होतं. दारू, की आणखी काही? तिच्या मनात पाल चुकचुकली. एका शनिवारी तिनं गाडी त्याच्या मागे काढली.

वीर एका म्हाताऱ्या इराकी गृहस्थांच्या अंगणात झाडांना पाणी घालत होता. आईला पाहून तो गडबडला. "तिकडच्या आमच्या तुकडीच्या इंटरप्रिटरचे वडील," तो पुटपुटला.

आजोबा मात्र खुलले. "माझ्या मुलाचा व्हिसा अडकलाय, पण तो लवकरच येईल, असं वीर सांगतो," ते इंग्रजीत म्हणाले. "येईल ना?"

वीरनं पाण्याची नळी दुसऱ्या झाडाकडे वळवली.

"खरं काय ते बोल," वीणा मराठीत म्हणाली.

"माझ्या डोळ्यांदेखत जीव गेला त्याचा, आई."

"मग सांग त्यांना. मी आहे इथे."

वीरनं त्यांचे हात धरून सगळं सांगितलं. आजोबांनी हात सोडवून घेतले, आत जाऊन दार लावलं. मायलेक तिथेच पायरीवर बसून राहिले.