बाटलीतलं पाणी

दुर्बिणीतून आतडं तपासून घ्यायला माणिकराव सकाळीच उपाशीपोटी आदिलाबादच्या दवाखान्यात येऊन बसले होते. दुपार टळत आली तरी नंबर लागेना. बायको देवकाबाई विचारायला गेली, की काउंटरवरचा बाबू मान वर न करता म्हणायचा, “बैठो अम्मा, अब्बीच नंबर आता.”

आतडं धुऊन निघावं म्हणून नर्सनं औषधाच्या पाण्याची मोठी बाटली माणिकरावांच्या हाती दिली होती. देवकाबाई पुन्हा एकदा काउंटरवरून फणफणत परतली, तर बाटली रिकामी.

“येवढं पेलं तुमी?”

“चार मान्सं समोर बसून राह्यले, येकट्यानं कसं प्यावं? समद्याइले देलं. त्या बाबूलेबी मंगाशी देलं गिलासभर. गोड लागते, लिंबावानी.”

“अवो, जुलाबाचं औषध हाय ते! पाहुणचार कराची जागा हाय का ही?”

नर्सनं कपाळावर हात मारला. पोट साफ नसेल तर आतलं नीट दिसत नाही, आणि अर्धवट तपासणी डॉक्टर करत नाहीत. नवी बाटली आली.

तासाभरात दवाखान्यातली रांग संडासापुढे सरकली. संडास एकच, आणि आत कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. बाबू पोट धरून धावत आला आणि घामाघूम होऊन दार बडवू लागला.

दाराशेजारच्या बाकावर देवकाबाई पदर सावरून निवांत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “बैठो बाबू, अब्बीच नंबर आता.”